पाळणाघर पुन्हा उघडायचं तर…

१ जून २०२० रोजी ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या सर्वांत छोट्या राज्यानं पाळणाघरं पुन्हा उघडायला परवानगी दिली. जवळजवळ तीन महिने ती बंद होती. तोवर अमेरिकेत करोनानं एक लाखाहून अधिक बळी घेतले होते. शाळा बंद होत्या आणि पहिली लस टोचली जायला अजून सहा महिने होते. अशा काळात दीड-दोन वर्षांच्या मुलांना एका खोलीत आणायचं होतं. ही मुलं मास्क लावू शकत नाहीत, हाती येईल ते तोंडात घालतात आणि रडू आलं की समोरच्या मोठ्या माणसाच्या गळ्यात पडतात. राज्यात एकूण ८९१ पाळणाघरं होती. जुलैअखेर त्यांतल्या ६६६ पाळणाघरांना म्हणजे चारातल्या तिघांना परवानगी मिळाली आणि सुमारे १९ हजार मुलांची सोय झाली.

चौथ्याचं काय झालं, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात देशभर विचारला जात होता. दार उघडायला फक्त परवानगी लागत नाही. काय करायचं आणि काय टाळायचं याचं ज्ञान लागतं, पैसा लागतो आणि कामाला माणसं लागतात. अमेरिकेत यातलं ज्ञान बऱ्यापैकी लवकर मिळालं, पैसा उशिरा पण भरपूर आला आणि माणसं मात्र निघून गेली. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशानं आपल्या सर्वांत लहान मुलांची व्यवस्था किती तकलादू पायावर उभी केली होती, हे या तीन गोष्टींच्या हिशेबात दिसतं.

त्यासाठी आधी ही व्यवस्था कशी चालते ते पाहावं लागेल. आपल्याकडे गावोगावी अंगणवाडी असते. ती कशीही चालत असो, ती सरकारची आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. अमेरिकेत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी असं सार्वत्रिक काही नाही. गरीब कुटुंबांसाठी १९६५ पासून ‘हेड स्टार्ट’ हा सरकारी कार्यक्रम आहे. काही कुटुंबांना पाळणाघराच्या फीसाठी केंद्राच्या निधीतून अनुदान मिळतं, पण पात्र असलेल्या बऱ्याच जणांपर्यंत तेही पोचत नाही. बाकी सगळा कारभार खासगी आहे. परवाना राज्याचा आणि खर्च आईबापांचा. एक प्रकार मोठ्या केंद्रांचा, वयानुसार वेगवेगळे वर्ग असलेला. दुसरा घरगुती, एखादी बाई स्वतःच्या घरात पाच-सहा मुलं सांभाळते तो. रात्रपाळी करणाऱ्यांची आणि दुर्गम भागातल्या आईबापांची मुलं बहुधा या दुसऱ्या प्रकारातच असतात.

या धंद्यात पैसा नाही. बहुतेक राज्यांत चार तान्ह्या मुलांमागे एक सांभाळणारी असलीच पाहिजे, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे खर्चाचा मोठा भाग पगारात जातो आणि तो कुठल्याही यंत्रानं कमी होत नाही. फी वाढवली तर आईबाप पळतात आणि नाही वाढवली तर पगार वाढत नाहीत. अमेरिकेच्या अर्थखात्यानं सप्टेंबर २०२१ मध्ये या क्षेत्रावर एक अहवाल काढला. पाळणाघरांचा नफा साधारणपणे एक टक्क्याहूनही कमी असतो, असं त्यात नोंदवलं आहे. लहान मूल असलेल्या सरासरी कुटुंबाला मात्र उत्पन्नाचा सुमारे १३ टक्के भाग पाळणाघरावर घालवावा लागेल, असंही त्यात म्हटलं होतं. एक टक्का नफ्यावर चालणाऱ्या धंद्याला तीन महिने टाळं लागलं, तर गाठीला काय उरणार?

मार्च २०२० मध्ये काही राज्यांनी पाळणाघरं सरसकट बंद केली, तर काहींनी निर्बंध घालून चालू ठेवली. मॅसॅच्युसेट्सनं २३ मार्चपासून ती बंद केली. न्यू जर्सीनं १ एप्रिलपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांच्या मुलांसाठी पाळणाघरांना मुभा ठेवली. अर्थात डॉक्टर, नर्स, पोलीस, किराणा दुकानातले कामगार यांना घरी बसणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मुलांसाठी न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागानं सुमारे १७० ठिकाणी केंद्रं चालवली आणि दहा हजारांहून अधिक मुलांना सांभाळलं. वायएमसीए या संस्थेनं देशभरात १,१०० ठिकाणी ४० हजारांपर्यंत मुलांची जबाबदारी उचलली. साथ ऐन भरात असताना चाललेली ही केंद्रं पुढं इतरांच्या उपयोगी पडली. दारात ताप मोजायचा, मुलांचे छोटे गट करायचे, गट एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत आणि हात सतत धुवायचे, हे तिथं रोज केलं जात होतं. जून २०२० मध्ये या दोन्ही संस्थांनी आपल्याकडे रुग्णांचे मोठे पुंजके आढळले नसल्याचं सांगितलं, तेव्हा उघडायच्या तयारीत असलेल्यांना थोडा धीर आला.

हाच अनुभव आणि साथरोगशास्त्र यांच्या आधारे सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेनं पाळणाघरांसाठी मार्गदर्शन काढलं. ते वाचताना ते लिहिणाऱ्यांना लहान मुलं माहीत होती, याची खात्री पटते. आईबापांनी आत यायचं नाही, मूल दारात किंवा गाडीपाशीच सोपवायचं. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून येण्याच्या वेळा वाटून द्यायच्या. सहीसाठी प्रत्येकानं आपलं पेन आणायचं. दुपारच्या झोपेच्या गाद्या सहा फुटांवर टाकायच्या आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय अशा रीतीनं मुलांना झोपवायचं. पातेलं मधे ठेवून सगळ्यांनी वाढून घेण्याची पद्धत बंद करून प्रत्येकाची ताटली वेगळी वाढायची. तोंडात घातलेलं खेळणं लगेच साबणाच्या पाण्यात बाजूला टाकायचं आणि जे धुता येत नाही, ते खेळायला द्यायचंच नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावायचा नाही.

तान्ह्या मुलांबद्दलचा भाग तर मुळातून वाचावा असा आहे. रडणाऱ्या, घाबरलेल्या बाळाला जवळ घेणं महत्त्वाचं आहे, हे त्यात स्पष्ट म्हटलं होतं. सगळं जग एकमेकांपासून सहा फूट दूर उभं असताना या बायकांना मात्र मुलाला कडेवर घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि सीडीसीनं ते मान्य केलं. मग उपाय काय? अंगावर लांब बाह्यांचा, पुढून बटणं असलेला मोठा सैल शर्ट घालायचा. केस वर बांधायचे. बाळाची लाळ किंवा शेंबूड लागला की शर्ट बदलायचा, मान आणि हात धुवायचे आणि बाळाचेही कपडे बदलायचे. त्यासाठी दोघांचेही जादा जोड केंद्रात ठेवायचे. जवळ घेणंही टिकलं आणि सावधगिरीही.

या मार्गदर्शनातली एक सूचना मराठी घरांना नेमकी लागली. मुलाला सोडायला आणि न्यायला शक्यतो रोज एकच माणूस यावा आणि आजी-आजोबांनी येऊ नये, असं त्यात होतं, कारण म्हाताऱ्यांना आजाराचा धोका जास्त. एडिसन, फ्रीमाँट किंवा डॅलसच्या उपनगरांत राहणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांची घडी आजी-आजोबांवर बसलेली असते. बाळंतपणाला आई येते, ती परतली की सासूबाई येतात. पर्यटक व्हिसावर सहसा सहा-सहा महिने राहता येतं आणि अशा दोन-तीन फेऱ्यांत बाळाचं पहिलं वर्ष पार पडतं. २३ मार्च २०२० पासून भारतानं आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबवली, तशी ही साखळी तुटली. आलेले अडकले. मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं सुरू झाल्यावर ते टप्प्याटप्प्यानं परतू लागले. ज्यांना यायचं होतं त्यांना येता येईना. भारतात दुसरी लाट उसळल्यावर अमेरिकेनं ४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्या बहुतेक परदेशी नागरिकांना बंदी घातली, ती ८ नोव्हेंबर २०२१ ला उठली. त्या काळात ज्या घरात आईबाप दोघंही लॅपटॉपवर काम करत होते आणि मधे रांगतं मूल होतं, त्या घराला डेकेअर ही चैन राहिली नव्हती.

न्यू जर्सीत १५ जून २०२० पासून केंद्रांना पुन्हा सगळ्यांसाठी उघडायची मुभा मिळाली. मॅसॅच्युसेट्सनं महिनाअखेरीस दारं उघडली, पण एका गटात फार तर दहा मुलं आणि दोन मोठी माणसं, अशी अट घातली. ऱ्होड आयलंडनं सुरुवातीला मोठ्यांसह बाराचा आणि नंतर वीसचा गट ठरवला. आरोग्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं होतं. पण पैशाचं गणित इथंच कोलमडलं.

समजा, एका वर्गात वीस मुलं आहेत आणि दोन शिक्षिका. एका मुलामागे महिन्याला हजार डॉलर फी धरली, तर वीस हजार जमा होतात. आता गट दहावर आला, म्हणजे दहा हजारच जमा होणार. भाडं तेवढंच, विमा तेवढाच, वीजबिल तेवढंच. दहा मुलांनाही दोन शिक्षिका लागतातच, कारण एकीला पोरांना सोडून स्वच्छतागृहातही जाता येत नाही. एरवी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा, मुलं कमी असताना, दोन-तीन वर्ग एकत्र करून एकच शिक्षिका सांभाळते. जेवणाच्या सुट्टीत एक बदली शिक्षिका सगळ्या वर्गांना फिरून मोकळीक देते. गट मिसळायचे नाहीत म्हटल्यावर या दोन्ही सोयी गेल्या. मग केंद्रांनी वेळ कमी केली. सकाळी सातऐवजी साडेआठला उघडलं, तर आठला कामावर हजर व्हायची आई काय करणार? वर जंतुनाशकं, हातमोजे, थर्मामीटर, कागदी रुमाल यांचा खर्च वेगळा. बाजारात ते मिळणंही त्या महिन्यांत मुश्कील होतं.

लहान मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना म्हणजे एनएईवायसी. तिनं जुलै २०२० मध्ये देशभरातल्या पाळणाघरांना विचारलं, तेव्हा ८६ टक्क्यांनी साथीआधीपेक्षा कमी मुलं येत असल्याचं सांगितलं. पटसंख्या सरासरी ६७ टक्क्यांनी घसरली होती. सरकारी मदत आली नाही तर आपण कायमचे बंद होणार, असं पाचातल्या दोघांनी कळवलं. काही केंद्रचालक स्वतःच्या क्रेडिट कार्डावर खर्च भागवत होते आणि पगार न घेता काम करत होते.

मदत टप्प्याटप्प्यानं आली. २७ मार्च २०२० च्या ‘केअर्स’ कायद्यात पाळणाघरांच्या केंद्रीय अनुदान निधीसाठी ३.५ अब्ज डॉलर आणि हेड स्टार्टसाठी ७५ कोटी डॉलर होते. राज्यांनी त्यातून अत्यावश्यक कर्मचाऱ्यांच्या मुलांचा खर्च उचलला, सफाईसाठी पैसे दिले आणि पुन्हा उघडणाऱ्यांना छोटी अनुदानं दिली. त्याच कायद्यानं छोट्या व्यवसायांना पगारासाठी कर्ज दिलं. ठरल्याप्रमाणे खर्च केलं, तर ते माफ होणार होतं. मोठ्या केंद्रांना त्याचा उपयोग झाला. घरात पाच मुलं सांभाळणाऱ्या बाईचं मात्र बहुधा वेगळं व्यावसायिक खातं नसतं, कर्ज अधिकाऱ्याशी ओळख नसते आणि हिशेब वहीत असतो. बँकेच्या रांगेत ती मागे पडली.

एक मदत फारशी चर्चेत आली नाही, पण तिचं मोल मोठं होतं. अनुदानावर येणाऱ्या मुलांचे पैसे पाळणाघराला अनेक राज्यांत हजेरीनुसार मिळत असत. मूल आजारी पडलं आणि आठवडाभर आलं नाही, की तेवढे पैसे कापले जात. साथीत हा नियम म्हणजे फासच होता, कारण सर्दी झालेल्या मुलाला घरी ठेवा असं सांगायचं आणि घरी ठेवलं की पैसे कापायचे, असा तो प्रकार झाला असता. बऱ्याच राज्यांनी हजेरीऐवजी पटावरच्या नावांनुसार पैसे द्यायला सुरुवात केली. पाळणाघर बंद असतानाही काहींनी ते चालू ठेवले. फी घेणाऱ्या खासगी शाळा हेच करतात. महिन्याची फी भरलेली असते, मूल येवो न येवो.

जेवणाच्या बाबतीतही नियम सैल झाले. पाळणाघरातल्या मुलांना सकस आहार मिळावा म्हणून अमेरिकेचं कृषिखातं पैसे देतं. एरवी ते जेवण केंद्रात बसूनच खावं लागतं. साथीत ते बांधून घरी द्यायला आणि आईबापांच्या हाती सोपवायला परवानगी मिळाली. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. अंगणवाड्यांची दारं बंद असताना सेविका शिधा घरोघरी पोचवत होत्या. पण शिधा पोचला, तरी मुलाचं वजन-उंची मोजणं, त्याच्या कानावर गाणी-गोष्टी पडणं आणि त्याची आई निर्धास्तपणे कामावर जाणं हे थांबलंच होतं. १३ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रतिबंधित क्षेत्रं वगळून जानेवारीअखेर अंगणवाड्या उघडण्याचे आदेश दिले. 

अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये आणखी १० अब्ज डॉलर मंजूर झाले आणि ११ मार्च २०२१ च्या ‘अमेरिकन रेस्क्यू प्लॅन’नं या क्षेत्राला मोठा आधार दिला. एकूण ३९ अब्ज. त्यांतले जवळजवळ २४ अब्ज थेट पाळणाघरं सावरण्यासाठी आणि सुमारे १५ अब्ज अनुदानित मुलांच्या खर्चासाठी व सुधारणांसाठी. या २४ अब्जांची रचना विचारपूर्वक केलेली होती. पैसे कर्ज म्हणून नव्हे, अनुदान म्हणून मिळाले आणि रक्कम केंद्राच्या चालू खर्चावरून ठरली. पगार, भाडं, घराचा हप्ता, वीज, सफाईचं सामान, प्रशिक्षण, इतकंच नव्हे तर मुलांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा खर्चही त्यातून चालत होता. अटी तीन होत्या. आरोग्याचे नियम पाळायचे, कर्मचाऱ्यांचे पगार कापायचे नाहीत आणि शक्य तितकी सवलत आईबापांना द्यायची. केंद्रीय आरोग्य व मानवी सेवा खात्याच्या हिशेबाप्रमाणे हे पैसे दोन लाख वीस हजारांहून अधिक पाळणाघरांपर्यंत पोचले आणि त्यांचा लाभ ९६ लाखांपर्यंत मुलांना झाला.

पोचवणाऱ्यांचं श्रेय इथं नोंदवायला हवं. राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज टाकला, की काम संपत नाही. दिवसभर मुलांमागे धावणाऱ्या, इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या बाईला रात्री नऊनंतर तो अर्ज भरायचा असतो. देशभर पाळणाघरांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थांचं जाळं आहे. एरवी ती आईबापांना जागा शोधून देतात आणि शिक्षिकांना प्रशिक्षण देतात. साथीत त्यांनीच जंतुनाशकं वाटली, फोनवर अर्ज भरून घेतले आणि नियम बदलले की स्पॅनिशसह इतर भाषांत कळवलं. कनेटिकटमध्ये १९९९ साली सुरू झालेली ‘ऑल अवर किन’ ही संस्था घरगुती पाळणाघरांसाठीच काम करते. अशा संस्था जिथं आधीपासून होत्या, तिथं मदतीला वाट सापडली.

जिथं नव्हत्या, तिथं एकट्या पडलेल्या बायका तशाच राहिल्या. न्यू जर्सीत पाच मुलांपर्यंतच्या घरगुती पाळणाघराला नोंदणी ऐच्छिक आहे. भारतीय वस्त्यांत अशा कितीतरी काकू मुलं सांभाळतात, ओळखीतून मुलं येतात, वरण-भात मिळतो आणि मुलाच्या कानावर घरची भाषा पडते. पण सरकारच्या कुठल्याही यादीत नाव नाही, त्यामुळे मदत आली तेव्हा ती मागायला जागाच नव्हती. नोंदणी कटकटीची वाटते. तरी संकटात सरकारी मदत नोंदणीच्याच वाटेनं येते, हे या काळानं दाखवून दिलं.

पाळणाघरं उघडणं सुरक्षित होतं का? याचं उत्तर अभ्यासांनी हळूहळू दिलं. येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या मे-जूनमध्ये ५७,३३५ पाळणाघर कर्मचाऱ्यांकडून माहिती घेतली. ज्यांची केंद्रं चालू होती आणि ज्यांची बंद होती, त्यांच्यात करोना होण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. पण ही केंद्रं छोटे गट, सफाई आणि तपासणी कसोशीनं पाळणारी होती आणि गावात साथ किती आहे यावर सगळं अवलंबून होतं, हे संशोधकांनी बजावलं. ऱ्होड आयलंडमध्ये दोन महिन्यांत ६६६ पैकी २९ केंद्रांत मिळून ५२ रुग्ण निघाले आणि केंद्रातच एकाकडून दुसऱ्याला लागण झाली असावी, अशी केंद्रं चारच होती. बहुतेक रुग्ण जुलैच्या उत्तरार्धात, राज्यात साथ वाढल्यावर आले. तरीही ८५३ मुलांना आणि कर्मचाऱ्यांना विलगीकरणात जावं लागलं. त्यातलं प्रत्येक मूल म्हणजे कामावर न जाऊ शकलेली आई किंवा बाप.

उलट बाजू युटामधून आली. सॉल्ट लेक भागातल्या तीन केंद्रांत बारा मुलांना लागण झाली आणि त्यांच्याकडून केंद्राबाहेरच्या ४६ निकटच्या माणसांपैकी किमान बारांना ती पोचली. एका मुलाच्या आईला रुग्णालयात दाखल करावं लागलं. दोन केंद्रांत सुरुवात अशा कर्मचाऱ्यापासून झाली होती, ज्याच्या घरात कुणीतरी आजारी होतं. याचा अर्थ लावणं अवघड नाही. ज्याला पगारी आजारपणाची रजा नाही, तो घरी कुणी खोकत असलं तरी कामावर येतो. मास्क आणि साबणाइतकीच पगारी रजासुद्धा संसर्ग रोखण्याचं साधन आहे आणि बहुसंख्य पाळणाघरांना ती स्वतःच्या बळावर परवडत नाही.

लसीच्या रांगेतही या क्षेत्राला झगडावं लागलं. काही राज्यांनी शिक्षकांना आधी लस दिली, पण पाळणाघराच्या शिक्षिकांना त्यांच्यात धरलं नाही. २ मार्च २०२१ ला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी शाळेतल्या शिक्षकांबरोबर पाळणाघर कर्मचाऱ्यांनाही प्राधान्य द्यायला सर्व राज्यांना सांगितलं. मुलांना मात्र आणखी सव्वा वर्ष थांबावं लागलं. सहा महिन्यांवरच्या बाळांसाठी लसीची शिफारस १८ जून २०२२ ला झाली. देश मास्क काढून मोकळा झाला, तरी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गात एक रुग्ण निघाला की अख्खा गट घरी, हे चक्र तोवर चालूच होतं.

सगळ्यांत मोठा तुटवडा माणसांचा पडला. फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या दोन महिन्यांत पाळणाघर क्षेत्रातल्या दर तीन नोकऱ्यांपैकी एक गेली. केंद्रं उघडली, पण गेलेल्या बायका परतल्या नाहीत. मे २०२० मध्ये बालसंगोपन कर्मचाऱ्याचा मध्यम पगार ताशी १२.२४ डॉलर होता. ॲमेझॉन आणि टार्गेट तेव्हा किमान १५ डॉलर देत होते. गोदामातल्या खोक्यांना डायपर बदलावा लागत नाही आणि खोक्यांकडून घरच्या म्हाताऱ्या आईला करोना लागण्याची भीतीही कमी. या कामातल्या पाचांपैकी जवळजवळ एक बाई परदेशात जन्मलेली आहे. तिनं दुसरं काम धरलं, तर तिला दोष कुणी द्यावा? परिणाम असा झाला, की केंद्र चालू, बाहेर प्रतीक्षायादी लांबच लांब आणि आत वर्ग रिकामे, कारण शिक्षिका नाही. पुढच्या अनुदानांतला मोठा भाग पगारवाढ आणि टिकून राहणाऱ्यांना बोनस देण्यात गेला आणि तो सार्थकी लागला. तरी साथीआधीची नोकऱ्यांची पातळी गाठायला २०२३ चा उत्तरार्ध उजाडला.

आणि नेमकं तेव्हाच, ३० सप्टेंबर २०२३ ला, २४ अब्जांच्या निधीची मुदत संपली.

अमेरिकेत हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत आणि गोद्यांत कामाला लागल्या, तेव्हा ‘लॅनहॅम’ कायद्याच्या पैशातून केंद्र सरकारनं देशभर पाळणाघरं चालवली. सगळ्या वर्षांत मिळून साडेपाच ते सहा लाख मुलं तिथं राहिली, असा अंदाज आहे. ओरेगनमधल्या पोर्टलंडला कैसर कंपनीच्या जहाज गोदीतली पाळणाघरं चोवीस तास उघडी असत. पाळी संपवून निघालेल्या आईला मुलाबरोबर घरी न्यायला तयार जेवणही मिळे. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये केंद्राचा पैसा थांबला. बहुतेक केंद्रं बंद पडली. कॅलिफोर्नियानं मात्र स्वतःच्या पैशानं ती चालू ठेवली. १९७१ मध्ये सगळ्यांसाठी पाळणाघरं उभारण्याचं विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झालं. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते नकाराधिकारानं रद्द केलं. युद्ध असो की साथ, संकटात पाळणाघर ही सार्वजनिक गरज मानली जाते आणि संकट सरलं की ती पुन्हा प्रत्येक आईची खासगी अडचण होते. ही सवय मोडल्याशिवाय कितीही अब्ज डॉलर तात्पुरतेच राहणार.

काही राज्यांनी यातून धडा घेतला. मॅसॅच्युसेट्सनं जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या पैशातून पाळणाघरांना दरमहा थेट मदत देणारी ‘सी-थ्री’ योजना सुरू केली होती. तो पैसा आटल्यावर राज्यानं ती स्वतःच्या अंदाजपत्रकातून चालू ठेवली. केंटकीनं २०२२ मध्ये एक साधी, पण बिनतोड गोष्ट केली. पाळणाघरात काम करणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांचा पाळणाघराचा खर्च अनुदानात धरला. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या आईला आपलं मूल ठेवायला जागा मिळाली आणि कर्मचारी टिकायला मदत झाली. न्यू मेक्सिकोतल्या मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यघटना दुरुस्त केली आणि तेल-वायूच्या उत्पन्नातून साठलेल्या कायम निधीतला वाटा लहान मुलांसाठी राखला. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या राज्यानं उत्पन्नाची अट काढून पाळणाघर सर्व कुटुंबांना मोफत केलं.

केंद्र सरकारनंही १ मार्च २०२४ च्या नियमावलीत अनुदानित मुलांचे पैसे हजेरीऐवजी पटावरून आणि आगाऊ द्यायला राज्यांना सांगितलं आणि कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या सात टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादा घातली. पण केंद्राचा नियम सरकारबरोबर बदलू शकतो. म्हणून पाळणाघरांसाठी झगडणाऱ्या संघटनांचा आग्रह राज्यांच्या कायद्यांवर आणि खात्रीच्या, दरवर्षी येणाऱ्या पैशावर आहे.

तो पैसा कसा उभा राहतो, हे व्हरमाँटमध्ये पाहता येतं. साडेसहा लाख वस्तीच्या या डोंगराळ राज्यानं २०२३ मध्ये कायदा करून पगारावर ०.४४ टक्के कर बसवला. जुलै २०२४ पासून तो सुरू झाला. शंभर डॉलर पगारामागे ४४ सेंट. त्यातले किमान ३३ सेंट मालक भरतो आणि उरलेले फार तर ११ सेंट नोकरदाराच्या पगारातून कापता येतात. या पैशातून राज्यानं अनुदानाची उत्पन्नमर्यादा वाढवली, त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबंही त्यात आली. पाळणाघरांना मिळणारा दरही वाढला, तेव्हा शिक्षिकांचे पगार वाढवणं त्यांना शक्य झालं आणि बंद पडलेले वर्ग पुन्हा भरवता येऊ लागले.